फायली स्कॅन झाल्या, आता त्या एकमेकींशी जोडा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ई-ऑफिस आलं, जुनं रेकॉर्ड स्कॅन झालं, अमुक कार्यालय पेपरलेस झालं, अशा बातम्या तुमच्या पेपरात नेहमी येतात आणि मी त्या आवडीनं वाचतो. २०२५ मधे राज्यभर आधी १०० दिवसांचा आणि मग १५० दिवसांचा कार्यक्रम झाला, ऑफिसांनी वेबसाइट नीट केल्या, अभिलेखांचं वर्गीकरण केलं, वर्षानुवर्षं साठलेली अडगळ काढली, हे चांगलंच झालं. पण कागद स्कॅन झाला की त्यातलं ज्ञान ऑफिसच्या हाती आलं असं जे आपण सगळे धरून चाललोय ते मला अजिबात पटत नाही, आणि पुढचा सगळा पैसा न् वेळ याच समजुतीवर जाऊ नये म्हणून हे पत्र लिहितोय. थोडं लांब आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यात राहतो. कंपन्यांची आतली माहिती, म्हणजे मशीन कसं लावायचं, मागच्या वेळी हा पार्ट का बदलला, कुठल्या कस्टमरला काय कबूल केलंय, हे सगळ्यांना मिळेल असं कसं मांडायचं ते ठरवून द्यायचं माझं काम आहे, नॉलेज मॅनेजमेंट म्हणतात त्याला. या कामात मी एकच प्रकार सारखा बघतो. कंपनी मोठं पोर्टल घेते, त्यात डिपार्टमेंटप्रमाणे फोल्डर, फोल्डरात फोल्डर, त्यात पीडीएफ, आणि वर्षभरात तिकडे कुणी फिरकेनासं होतं. कारण काम करणाऱ्या माणसापुढे डिपार्टमेंट नसतं, अडचण असते, आणि ती अडचण चार डिपार्टमेंटमधनं जाते, ड्रॉइंग एकीकडे, टेस्ट रिपोर्ट दुसरीकडे, कस्टमरची मेल तिसऱ्याच्याच लॅपटॉपमधे, आणि हे सगळं एकमेकांशी कसं लागतं ते फक्त एखाद्या जुन्या सुपरवायझरला माहीत. तो रिटायर झाला की कागद सगळे जागच्या जागी असतात आणि कुणाला काही उमगत नाही.

आता सरकारी बाजू बघा. कुठलाही शासन निर्णय, म्हणजे जीआर, उघडा. वर विभागाचं नाव, क्रमांक, दिनांक, मग "वाचा" म्हणून आधीच्या निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, मग निर्णय, आणि शेवटी एक वाक्य की हा निर्णय वेबसाइटवर ठेवलाय आणि त्याचा संकेतांक अमुक, १८ आकडी. मला ही रचना खरंच फार आवडते. ज्यांनी कुणी ती बसवली त्यांना पक्कं ठाऊक होतं की कुठलाही निर्णय एकटा नसतो, आधीच्या पाच-सात निर्णयांवर तो उभा असतो. ती "वाचा"ची यादी म्हणजे लिंकच आहे हो, फक्त ती दाबता येत नाही! तो क्रमांक आणि तारीख बघून तुम्ही परत शोधायचं, जुना असेल तर साइटवर असेलच असं नाही, असला तर कधी वाकडा स्कॅन असतो, कधी युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधला मजकूर, त्यात शब्द शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. देवनागरी युनिकोडमधे १९९१ पासून आहे आणि आपण अजून या अडचणीत अडकलोय.

उलट्या दिशेनं तर वाटच नाही. समजा तुमच्या हातात दहा-बारा वर्षांपूर्वीचा जीआर आहे. पुढे एका शुद्धिपत्रकानं त्यातला एक परिच्छेद बदलला आणि नंतर एका नव्या जीआरनं तो अख्खाच अधिक्रमित केला, म्हणजे त्याची जागाच घेतली, तर यातलं काहीही त्या जुन्या कागदावर कळत नाही. नवा कागद जुन्याचं नाव घेतो, जुन्याला नव्याचा पत्ताच नाही. गावातला माणूस जुना जीआर घेऊन ऑफिसात जातो, टेबलावरचे साहेब म्हणतात हा आता चालत नाही, मग कुठला चालतो विचारलं तर तेही चाचपडतात. यात त्यांचा दोष नाही, त्यांना तरी कुठून कळणार.

मग कारकून मंडळी काय करतात तर स्वतःची सोय स्वतः करतात. निवड नस्ती नावाची एक सुंदर पद्धत आपल्या ऑफिसांत आहे, महत्त्वाचे निर्णय, दाखले पुढे उपयोगी पडतील असे एकत्र लावून ठेवायचे. चांगल्या अव्वल कारकुनाची निवड नस्ती म्हणजे त्या टेबलाचं सगळं शहाणपण. समासात पेन्सिलनं लिहिलेलं असतं की हे पुढच्या अमुक पत्रानं बदललं, इथं ऑडिटनं हरकत घेतली होती, तिथं अमुक खात्याचा अभिप्राय बघावा. ही पेन्सिलची अक्षरं म्हणजे खरं ज्ञान, आणि स्कॅनिंगच्या टेंडरमधे त्यांना काही जागा असते का मला शंका आहे. शिवाय सरकारी नोकरीत बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदावर साधारण ३ वर्षं, आणि ५८ ला बहुतेकांची रिटायरमेंट. म्हणजे दर ३ वर्षांनी टेबलावर नवा माणूस आणि दर वेळी पुन्हा अआइई.

गंमत म्हणजे आज आपण जे वेब वापरतो ते नेमकं याच दुखण्यातनं निघालंय. १९८९ च्या मार्चमधे टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या जिनिव्हाजवळच्या संशोधन संस्थेत आपल्या वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला, तो काही जगभर माहितीचं जाळं पसरवायचं असं म्हणून सुरू होत नाही, त्यात तक्रार ही की इथं माणसं साधारण दोन वर्षं राहतात न् जातात, त्यांच्याबरोबर माहितीही सारखी जाते, नव्या माणसाला कुणाला काय विचारायचं तेसुद्धा कळत नाही. त्यावर त्यांनी सुचवलं की फाइलींची उतरंड नको, कागद एकमेकांना जोडा, माणूस, मशीन, प्रोग्राम, प्रोजेक्ट सगळ्यांच्या नोंदी एकमेकींना जोडा. वरिष्ठांनी त्यावर शेरा मारला, कल्पना धूसर आहे पण भन्नाट आहे. आणि त्यांनी केलेला पहिला ब्राउझर फक्त वाचायचा नव्हता, त्याच खिडकीत लिहिताही यायचं. हे पुढे कुठंतरी मागे पडलं आणि आपल्याकडे पोर्टल म्हणजे एकानं चढवायचं आणि बाकीच्यांनी बघायचं अशी रीतच होऊन बसली.

त्याच्याही आधी, १९६५ मधे, टेड नेल्सन या अमेरिकी अभ्यासकांनी हायपरटेक्स्ट आणि हायपरमीडिया हे शब्द आणले, मजकूर, नकाशा, फोटो, फिल्म, आवाज सगळं लिंकनी जोडलेलं. त्यांचा हट्ट होता की लिंक दोन्ही बाजूंनी दिसली पाहिजे. सगळ्या जगाच्या जाळ्यात ते जमवणं अवघड, म्हणून वेबमधे लिंक एकतर्फीच राहिली आणि म्हणूनच ते इतक्या झटकन पसरलं. पण एका संस्थेच्या आत, एका राज्याच्या जीआरपुरतं, दोन्ही बाजूंनी लिंक दाखवणं काही कठीण नाही. मराठी विकिपीडिया उघडून बघा, प्रत्येक लेखाबरोबर "येथे काय जोडले आहे" अशी सोय असते, दाबलं की त्या पानाकडे येणारी सगळी पानं दिसतात. ज्या फुकट सॉफ्टवेअरवर विकिपीडिया चालतो ते कुणीही आपल्या ऑफिसात बसवू शकतं. म्हणजे तंत्र नाही म्हणून अडलंय असं कुणी सांगू नये.

मात्र नुसत्या लिंकनं भागत नाही, लिंक कसली आहे तेही लिहिलेलं पाहिजे. हा कागद त्या कागदाला रद्द करतो का, सुधारतो का, स्पष्टीकरण देतो का, की नुसता उल्लेख करतो? या चार गोष्टी वेगळ्या दिसल्या तर निम्मी कोर्टकचेरी कमी होईल असं मला वाटतं. "अधिक्रमित करण्यात येत आहे" हे शब्द आपल्या जीआरमधे आधीपासून ठरलेले आहेतच, नवीन काही शोधायचं नाही.

आणि निर्णयामागची कारणं? इथं आपली जुनी पद्धत जगातल्या कित्येकांच्या पुढे होती. फाइलीत टिपणी भाग वेगळा आणि पत्रव्यवहार भाग वेगळा. टिपणीत खालपासून वरपर्यंत प्रत्येकानं आपलं म्हणणं मांडायचं, सही करायची, एखाद्यानं विरोध केला तर तोही कागदावर राहतो. १९७० च्या सुमाराला होर्स्ट रिटेल आणि वेर्नर कुन्झ या अभ्यासकांनी अशीच एक मांडणी केली, आधी प्रश्न, मग त्यावरच्या वेगवेगळ्या भूमिका, मग प्रत्येक भूमिकेच्या बाजूचे न् विरुद्धचे मुद्दे, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेत ऑस्टिनला त्यावर कॉम्प्युटर सिस्टिम झाली, त्यात गटातले सगळे मिळून असे मुद्दे एकमेकांना जोडायचे. आपल्या टिपणीत हे सगळं आहे, पण स्कॅन करताना शेकडो पानांचा एकच पीडीएफ होतो. पान अमुकवरच्या त्या विरोधाकडे नेणारी लिंक करायची सोय असेल तरच पुढच्या अधिकाऱ्याला कळेल की हा पर्याय आधी कुणीतरी सुचवला होता आणि अमुक कारणानं तो नाकारला. नाहीतर तोच विषय तीच चर्चा, दर पाच वर्षांनी.

मतभेद पुसून एकच गुळगुळीत उत्तर ठेवायचा मोह फार असतो, कंपन्यांमधे तर सर्रास. मला नेहमी महानुभावांची आठवण येते. चक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी जमवल्या त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन खात्री करून, आणि त्या परंपरेत जिथं दोन जणांची आठवण वेगळी तिथं वासना म्हणून ती वेगळी आठवण नोंदलेली सापडते, कुणाची ते सांगून. शेकडो वर्षांपूर्वीच्या मराठी माणसांना जे सुचलं ते आपल्याला कॉम्प्युटर असून जमू नये?

आता सगळ्यात महत्त्वाचं, लिहिणार कोण. झेरॉक्स कंपनीत ज्युलियन ऑर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं मशीन दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांबरोबर राहून त्यांचं काम बघितलं. जाडजूड मॅन्युअल होतंच, पण खरं काम चालायचं ते गप्पांवर, नाश्ता करताना एक जण सांगायचा की माझ्याकडे असं मशीन आलं न् असा एरर दाखवत होतं पण बिघाड भलताच होता. पुढे १९९० च्या दशकात कंपनीनं या लोकांसाठी यूरेका नावाची सिस्टिम केली, सुरुवात फ्रान्समधनं. टेक्निशियननं टीप लिहायची, त्याच कामातल्या अनुभवी लोकांनी ती तपासायची, आणि टिपेवर लिहिणाऱ्याचं नाव. माणसाला त्या नावाचं जे वाटतं ते बक्षिसाच्या पाकिटाचं वाटत नाही, आणि लोकांनी खरंच लिहिलं.

आपल्याकडे असा माणूस कोण? पाणीपुरवठ्यातला चावीवाला घ्या. कुठल्या गल्लीत डांबराखाली कुठला व्हॉल्व्ह गेलाय, कुठला उलटा फिरतो, किती आटे फिरवले की वरच्या टाकीला पाणी चढतं आणि खालच्या वस्तीचं तुटत नाही, हे नकाशात नसतं, त्याला माहीत असतं. त्याच्याकडनं फॉर्म भरून घेऊ नका. नकाशावर त्या जागी बोट ठेवून त्याला मोबाईलवर बोलू द्या, एक फोटो, अर्ध्या मिनिटाचा आवाज, आणि खाली त्याचं नाव. पुढच्या वेळी रस्ता खोदताना ज्युनियर इंजिनियरनं नकाशावर तिथं दाबलं की चावीवाल्याचाच आवाज ऐकू येईल. हायपरमीडिया तो हाच, आणि तो मजकुरापुरता का ठेवायचा नाही ते यातनं लक्षात येईल. आशाताई, अंगणवाडी सेविका, पाटबंधाऱ्यातले कालवा चौकीदार, तलाठी, या प्रत्येकाकडे असं काही आहे जे कुठल्याच रजिस्टरमधे नाही.

लोक म्हणतील की हे सगळं व्हॉट्सॲपवर चालूच आहे की. हो, चालू आहे, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. आज कुठल्याही ऑफिसचं खरं कामकाज ग्रुपवर चालतं, जीआर ग्रुपवर येतो, शंका ग्रुपवर, उत्तरही ग्रुपवर, तेही चटकन आणि बऱ्याचदा बरोबर. पण ते उत्तर कुठल्या निर्णयाबद्दल होतं त्याला चिकटत नाही, वर सरकत जातं, चार दिवसांनी सणाच्या शुभेच्छांखाली गाडलं जातं, फोन बदलला की गेलं, बदली झाली की माणूसच ग्रुपमधनं बाहेर. ग्रुपवर नव्या माणसाला मागचं फारसं काही दिसत नाही, म्हणून तो तोच प्रश्न पुन्हा विचारतो आणि जुने लोक वैतागतात. त्या उत्तराला एक कायमचा पत्ता मिळाला असता आणि त्या जीआरच्या पानाखाली ते बसलं असतं तर एकाच्या मेहनतीवर राज्यातल्या सगळ्या तालुक्यांचं काम भागलं असतं. ग्रुप बंद करा असं मी म्हणत नाही, बोलणं तिथंच होणार, फक्त जे ठरलं ते पानावर नोंदवायची सवय आणि सोय हवी.

ज्ञान हातातनं गेलं की काय होतं त्याचं एक नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. त्यांच्या अण्वस्त्रांत फॉगबँक नावाचा एक पदार्थ लागतो, तो बनवणं बंद झालं, बऱ्याच वर्षांनी पुन्हा बनवायची वेळ आली तेव्हा कळलं की कसा बनवायचा तेच कुणाला धड माहीत नाही. त्यांच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं २००९ च्या अहवालात लिहिलंय की फार थोड्या नोंदी ठेवल्या होत्या आणि ते जाणणारे जवळजवळ सगळे निवृत्त झाले किंवा सोडून गेले. पुढे उलगडलं की जुन्या कच्च्या मालात एक अशुद्धता असायची न् तीच कामाची होती, आणि हे बनवणाऱ्यांना तेव्हाही ठाऊक नव्हतं. शस्त्राचं जाऊ द्या, पण इतका पैसा, इतकी गुप्तता, इतकी शिस्त असलेल्या ठिकाणी हे होतं तर आपल्या नगरपालिकेत धरणाच्या दाराबद्दल, जुन्या पुलाबद्दल, ड्रेनेजच्या लाइनीबद्दल काय काय हरवलं असेल याचा विचार केला तरी जीव घाबरतो.

काही जणांना वाटेल हे चैनीचं काम आहे, आधी रस्ते पाणी बघा. तर कायदा काय म्हणतो सांगतो. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४, पोटकलम १ चा खंड क. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं सगळे अभिलेख सूचीबद्ध करून, अनुक्रमणिका करून ठेवायचे आणि योग्य ते अभिलेख कॉम्प्युटरवर आणून देशभर नेटवर्कनं जोडायचे. जोडायचे, हे कायद्यातच आहे. आपण माहिती अधिकार म्हणजे अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प आणि ३० दिवस एवढंच समजतो, पण कलम ४ नीट पाळलं तर अर्ज करायची वेळच कमी येईल. आणि ऑफिस सुधारणा हा विषय महाराष्ट्राला नवा नाही, नगरला १९८० च्या दशकात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी रेकॉर्ड आणि कामकाजाची जी घडी बसवली ती लखिना पॅटर्न म्हणून देशात गाजली, आणि ती कागदावरच केली होती, एकही कॉम्प्युटर न लावता.

म्हणून माझं म्हणणं असं, की पुढचं स्कॅनिंगचं टेंडर काढण्याआधी सामान्य प्रशासन विभागानं एक काम करावं, एखाददुसराच विभाग निवडावा, समजा शालेय शिक्षण किंवा ग्रामविकास, जिथं जीआर जास्त आणि वापरणारेही जास्त. त्या विभागाच्या निर्णयांतली "वाचा"ची यादी दाबता येईल अशी करावी आणि जुन्या निर्णयावर तो आज चालू आहे, सुधारलाय की रद्द झालाय ते ठळक दिसावं. पानाचा पत्ता कधीही बदलू नये, वेबसाइट नवी झाली, कंत्राटदार बदलला, मंत्री बदलले तरी नाही, कारण पत्ता बदलला की कोर्टाच्या निकालात, पुस्तकात, लोकांच्या अर्जात दिलेल्या सगळ्या लिंक एका दिवसात मरतात. हे आपल्याकडे दर नव्या वेबसाइटबरोबर होतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही, याचा मला खरंच राग येतो. प्रत्येक टेबलाचं एक पान असावं आणि बदली झाल्यावर चार्ज देताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर ते पान अद्ययावत करून देणं हा चार्ज रिपोर्टचाच भाग धरावा, त्यावर जुन्या आणि नव्या दोघांची सही. गोपनीय असेल ते अर्थातच बाजूला ठेवा, त्याला कुणाची हरकत नाही. पण लिहायचा अधिकार एका ॲडमिनकडे कोंडून ठेवू नका, तालुक्यातल्या कारकुनालाही नावानिशी लिहू द्या, कुणी कधी काय बदललं त्याचा इतिहास राहतोच, चूक झाली तर मागे जाता येतं.

आणि एक विनंती खुद्द तुमच्याकडे. शासन निर्णयाची बातमी तुम्ही देता तेव्हा "शासनाने आदेश काढला आहे" एवढ्यावर थांबू नका, बातमीच्या शेवटी त्याचा तो १८ आकडी संकेतांक छापा आणि नेटवरच्या आवृत्तीत त्या निर्णयाची लिंक द्या, एका ओळीची जागा लागते. शाळेतल्या शिक्षकाला, सरपंचाला, बचत गटाच्या ताईंना तो आकडा कापून ठेवता येईल आणि ऑफिसात गेल्यावर साहेबांपुढे ठेवता येईल. हे उद्याच्या अंकापासून करता येण्यासारखं आहे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे